नोड चालू आहे, पण बिटकॉइन-सीएलआय त्याच्याशी बोलत नाही

बोरिवलीचा_नोड

नमस्कार. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून बिटकॉइन कोअरचा नोड (बिटकॉइनच्या नेटवर्कला जोडलेला, ब्लॉक स्वतः तपासणारा प्रोग्रॅम) सिस्टमडी सर्व्हिस म्हणून, म्हणजे उबुंटूच पार्श्वभूमीवर चालवेल असा, चालवत आहे. सर्व्हिसची फाइल सोर्स कोडसोबत मिळते तीच आहे. लॉगमध्ये नवे ब्लॉक येताना दिसतात, तरीही टर्मिनलवर ‘बिटकॉइन-सीएलआय गेटब्लॉकचेनइन्फो’ ही नोडची स्थिती विचारणारी कमांड दिली की कुकी (ओळख पटवणारी फाइल) सापडली नाही आणि आरपीसी (नोडला आज्ञा पाठवण्याची सोय) पासवर्डही दिलेला नाही, असा एरर येतो. कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड लिहून ठेवावा का? शिवाय दिवसभर मी परळला ऑफिसात असतो. तिथून नोडची स्थिती पाहता यावी म्हणून राउटरवर आरपीसीचा 8332 पोर्ट उघडावा, असा विचार आहे.

दादर_टर्मिनल

पासवर्ड लिहिण्याची गरज नाही. बिटकॉइन-सीएलआय स्वतः नोड चालवत नाही. तो फक्त बिटकॉइनडीला, म्हणजे प्रत्यक्ष नोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, आरपीसीवरून विनंती पाठवतो, आणि त्यासाठी लागणारी कुकी फाइल बिटकॉइनडी सुरू होताना आपल्या डेटा डिरेक्टरीत तयार करतो व बंद होताना पुसून टाकतो. तुम्ही वापरलेल्या सर्व्हिस फाइलमध्ये नोड ‘बिटकॉइन’ नावाच्या वेगळ्या यूझरखाली चालतो आणि त्याची डेटा डिरेक्टरी ‘/व्हार/लिब/बिटकॉइनडी’ असते, तर तुमचा सीएलआय कुकी शोधतो तुमच्या स्वतःच्या होम डिरेक्टरीत. ती तिथे कशी सापडणार? कमांडला ‘-डेटाडिर’ देऊन हा मार्ग सांगा आणि ‘सूडो -यू बिटकॉइन’ लावून ती त्याच यूझरच्या नावाने चालवा, कारण कुकी वाचण्याची परवानगी मुळात फक्त त्यालाच असते.

यापुढे एरर नीट वाचण्याची सवय ठेवा. उणे 28 क्रमांकाचा एरर म्हणजे नोड अजून सुरू होत आहे, उदाहरणार्थ ब्लॉक इंडेक्स (ब्लॉकची यादी) लोड करत आहे, थोडे थांबावे एवढेच. सर्व्हरशी जोडणीच झाली नाही असे म्हटले, तर बिटकॉइनडी बंद आहे किंवा पोर्ट चुकला आहे.

मुलुंड_लिनक्स

8332 कृपया उघडू नका, हे मी कळकळीने सांगतो. या पोर्टवरची आरपीसी वाहतूक एन्क्रिप्ट केलेली नसते. पूर्वी असलेली एसएसएलची, म्हणजे एन्क्रिप्शनची, सोय 2016 साली 0.12 आवृत्तीत काढून टाकली गेली. ज्याच्या हाती कुकी किंवा आरपीसी पासवर्ड लागेल तो नुसती स्थिती पाहणार नाही, तर वॉलेट लोड केलेले असल्यास त्यातून पैसेही पाठवू शकेल. म्हणूनच बिटकॉइनडी आरपीसी विनंत्या मुळात फक्त त्याच मशीनवरून स्वीकारतो. इतर नोडशी बोलणारा 8333 पोर्ट वेगळा. तो उघडायला हरकत नाही.

ऑफिसातून एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करण्याच्या सोयीने) घरच्या मशीनवर शिरा आणि कमांड तिथेच चालवा. लॉगिन पासवर्डने नव्हे, की-ने (किल्लीसारख्या गुप्त फाइलने) ठेवा. ब्रॉडबँडवाल्याने स्वतंत्र पब्लिक आयपी दिलेला नसेल, तर बाहेरून एसएसएचही थेट लागणार नाही. तेव्हा त्यासाठी टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कची ऑनियन सर्व्हिस लावता येते.

बोरिवलीचा_नोड

दोघांचेही मनापासून आभार. ‘-डेटाडिर’ दिल्यावर उत्तर आले; ‘ब्लॉक्स’ आणि ‘हेडर्स’ हे आकडे सारखे आहेत आणि ‘इनिशियलब्लॉकडाउनलोड’ फॉल्स दाखवते, म्हणजे नोड अद्ययावत आहे. पोर्टचा विचार सोडून दिला. आणखी एक शंका अशी, की सोसायटीत मीटरच्या कामासाठी वीज बंद राहणार आहे. तेव्हा ‘बिटकॉइन-सीएलआय स्टॉप’ देऊन लगेच स्विच बंद केला तर चालेल का?

दादर_टर्मिनल

लगेच नको. ‘स्टॉप’ दिल्यावर बिटकॉइन कोअर थांबत असल्याचा संदेश तत्काळ येतो, परंतु तेव्हा नोड मेमरीतला कॅश डिस्कवरच्या चेनस्टेटमध्ये (न खर्चलेल्या नाण्यांच्या नोंदींमध्ये) उतरवत असतो, आणि ‘डीबीकॅश’ (या कॅशचा आकार) वाढवून ठेवला असेल व डिस्क जुनी फिरती असेल, तर त्याला बरीच मिनिटे लागू शकतात. मध्येच वीज गेली आणि चेनस्टेट बिघडला, तर ‘रीइंडेक्स’ करण्यात, म्हणजे ब्लॉकवरून त्या नोंदी पुन्हा उभ्या करण्यात, दिवस जातात. सर्व्हिस असल्यामुळे ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ वापरणे अधिक सोयीचे, कारण प्रोसेस खरोखर संपेपर्यंत ती कमांड परत येत नाही. तुमच्या सर्व्हिस फाइलमध्ये त्यासाठी 600 सेकंदांची मुदत आहे. ती उलटली तर सिस्टमडी नोडला जबरदस्तीने मारतो, तेव्हा डिस्क संथ असल्यास ही मुदत आधीच वाढवून ठेवा.