‘तरंग-कण द्वैत’ यातलं ‘द्वैत’ बरोबर आहे का?

रानजाई
अकरावी-बारावीच्या मुलांसाठी प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांवरचा एक लेख मराठीत करतेय. शीर्षकापाशीच अडले. दोन्ही कधी तरंगासारखे, तर कधी कणासारखे वागतात, त्याला सरळ ‘तरंग-कण द्वैत’ लिहिलं, तर मजकूर तपासणाऱ्या काकांनी खाली लाल रेघ ओढली. द्वैत म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, जीव निराळा आणि ब्रह्म निराळं. इलेक्ट्रॉन तर एकच आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ‘दुहेरी स्वरूप’ सुचवलंय. मला ते पटत नाहीये. तुम्ही काय लिहाल?

कसोटी
द्वैतच ठेवा. दुहेरी म्हटलं की दोन्ही पदर एकदम हाताला लागतात, दुहेरी दोऱ्यासारखे. इथे तसं होत नाही. १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी एका वेळी एकच इलेक्ट्रॉन जाईल अशी व्यवस्था केली होती. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका उमटवतो, अर्धा कधीच नाही. सुरुवातीला ठिपके कसेही विखुरलेले दिसतात, पण हजारोंनी साठले की काळे-पांढरे पट्टे उभे राहतात. ठिपका कणाचा, पट्टे तरंगाचे. आणि तो दोन वाटांपैकी कुठल्या वाटेने गेला याचा छडा लावला की पट्टे जातात. वस्तू एकच, पण तिच्याबद्दल बोलायच्या भाषा दोन, आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत. या फारकतीला द्वैतच म्हणायला हवं.

पैलतीर
भाषा दोन असतील तर शीर्षकात तसं म्हणा. द्वैत हा शब्द मराठी माणसाच्या कानात कीर्तनातून आलेला आहे, तो रिकाम्या हाताने येत नाही. तरंगांच्या वळण्या-पसरण्याला (डिफ्रॅक्शनला) म्हणतात तो ‘विवर्तन’ही तसाच. वेदान्तात विवर्त म्हणजे दोरीच्या जागी साप भासणं. डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलच्या स्फटिकावर ५४ व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले आणि ५० अंशांच्या कोनात ते ठळकपणे जास्त सापडले. मोजून सापडलेल्या गोष्टीला भासाचं नाव?

सागरगोटा
पैलतीर, विवर्तन ‘वृत्’ धातूवरून आलंय, वळणं. प्रकाश कडेपाशी वळतो, म्हणून विवर्तन. त्यात साप कुठून आला?
माझी खरी तक्रार ‘तरंग’बद्दल आहे. आम्ही सिंधुदुर्गातले. आमच्याकडे तरंग म्हणजे देवाचे, लुगडी नेसवलेले उंच खांब. दसऱ्याला ते खांद्यावर घेऊन बाहेर काढतात. शाळेत ‘प्रकाशाचे तरंग’ हा धडा आला तेव्हा धाकट्या भावाच्या डोळ्यांपुढे देवळाचं आवारच आलं होतं. लाट म्हणा की! उष्णतेची लाट सगळ्यांना कळते.

कसोटी
उष्णतेच्या लाटेत तरंगलांबी कुठे असते? लाट म्हणजे मुलांसाठी पाण्याचा लोंढा. त्यापेक्षा ‘लहर’ बरी. ध्वनिलहरी, रेडिओलहरी रुळलेल्या आहेत.

पैलतीर
लहर लागते, लहर फिरते. इलेक्ट्रॉन लहरी आहे असं मुलांना सांगणार का?

चंद्रकोर
या सगळ्यापेक्षा ‘पुंज’ जास्त खटकतो. विश्वकोशात क्वांटम सिद्धांताला ‘पुंज सिद्धांत’ केलंय. पुंज म्हणजे ढीग, रास. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलं ते नेमकं उलट: प्रकाशाची ऊर्जा सुट्या, पुढे न फोडता येणाऱ्या वाट्यांत दिली-घेतली जाते. ढिगातून काढून घेता येतं, प्रकाशाच्या अशा एका वाट्यातून, म्हणजे फोटॉनमधून, नाही. ‘फोटॉन’ हा शब्दही गिल्बर्ट लुईस यांनी १९२६ मध्ये वापरल्यावर रूढ झाला आणि आपण तो जसाच्या तसा घेतला. क्वांटमही तसाच घ्यावा.

पैलतीर
म्हणजे मराठीत फक्त क्रियापदं उरणार. तेजःपुंज म्हणताना आपल्याला ढीग दिसतो का? एकवटलेलं तेज दिसतं. पुंज उत्तम आहे.

रानजाई
लेख परवा द्यायचाय. तूर्त ‘प्रकाश: तरंग आणि कण’ असं शीर्षक मनात आहे, पण आत इलेक्ट्रॉनपाशी द्वैत लागतंच. शिवाय इलेक्ट्रॉनलाही तरंग मानणाऱ्या त्या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव दी ब्रॉय लिहू की डी ब्रॉग्ली?

चंद्रकोर
फ्रेंच उच्चार ‘ब्रॉय’च्या जवळचा. पण मुलांच्या पुस्तकात ब्रॉग्ली असेल तर गोंधळ नको.

कसोटी
पुस्तकात चुकलंय म्हणून आपणही चुकायचं? ब्रॉयच लिहा.

सागरगोटा
देवाचा तरंग ‘तरंगणे’वरून आला असेल का? खांद्यावर असताना तो डुलतो. सावंतवाडी-कुडाळकडचं कुणी आहे का इथे?