हिवाळ्याआधी ऑफिसच्या इमारतीची कुठली कामं आधी उरकू?

चावीवाला

नमस्कार मंडळी. महिन्याभरापूर्वी एका तीन मजली ऑफिस-इमारतीची देखभाल माझ्या गळ्यात पडली. आधीचे गृहस्थ निवृत्त झाले. जाताना चाव्यांचा जुडगा आणि एक वही हातात ठेवून गेले. वहीत हिवाळ्याच्या पानावर एवढंच आहे: "बाहेरचे नळ बंद. गच्ची झाडणे. मीठ."

इमारत अशी: सपाट गच्ची, त्यावर एक एएचयू (बाहेरची हवा घेऊन ती गरम-गार करून आत सोडणारं यंत्र), गरम पाण्याचा बॉयलर, तळघरात पार्किंग आणि तिथे आग विझवायचे ड्राय स्प्रिंकलर. दुसऱ्या मजल्याचा अर्धा भाग रिकामा. पानगळ सुरू झालीय, रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो. एकदा गोठायला लागलं की दोन-तीन महिने सुटका नाही म्हणतात.

मी आजवर कारखान्यात होतो. पंप-मोटारी कळतात, इमारत कळत नाही. मालक म्हणाले, "खर्चाची यादी नंतर द्या. कुठलं काम राहिलं तर सगळ्यात जास्त फटका बसेल, ते आधी सांगा." इथे माझी बोलती बंद झाली. कुठून सुरुवात करू?

---

पान्हा_बावीस

मालकांनी बरोबर प्रश्न विचारलाय. माझं उत्तर: मागच्या जिन्याचं दार.

हसू नका. एकोणीस वर्षं इमारती सांभाळतोय. त्यात पाईप फुटण्याचे प्रसंग पाच, आणि पाचपैकी चार वेळा हीटिंग व्यवस्थित चालू होतं. थर्मोस्टॅट वीस अंश दाखवत होता. म्हणजे इमारत गार नव्हती, एक कोपरा गार होता.

सगळ्यात महागात पडलेला प्रसंग सांगतो. जिन्याच्या दाराला डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप लावणारं यंत्र, होता. त्यातलं तेल थंडीत घट्ट होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच नव्हतं. पानगळीत खट्कन बंद होणारं दार कडाक्याच्या थंडीत शेवटच्या दोन बोटांवर येऊन थांबायला लागलं. शनिवारी संध्याकाळी शेवटचा माणूस बाहेर पडला, दार तसंच राहिलं, रात्रभर वारा आत. दाराच्या वर फॉल्स सीलिंगमधून वॉशरूमची लाईन गेली होती. गोठली. गंमत अशी की त्या रात्री थेंबभरही पाणी गळलं नाही, कारण बर्फानेच बूच मारलं होतं. रविवारी दुपारी ऊन आलं, बूच सुटलं, आणि सोमवारी सकाळपर्यंत पाणी चालू.

तो तांब्याचा तुकडा अजून माझ्या खणात आहे. उकललेल्या शेंगेसारखा दिसतो, दोन इंच चीर आणि कडा बाहेर वळलेल्या. पाणी गोठताना साधारण 9 टक्क्यांनी फुगतं, हे आपण शाळेत शिकतो. पण पाईप बहुतेक वेळा बर्फ असतो तिथे फुटत नाही. बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी कोंडतं, त्याचा दाब वाढून तो फुटतो. म्हणून "गारठ्याचा भाग मी गुंडाळलाय" एवढ्यावर समाधान मानू नका.

तेव्हा पहिलं काम खरेदीचं नाही, फिरण्याचं. वारा असेल त्या दिवशी टिश्यू पेपरची पट्टी हातात धरून बाहेरच्या प्रत्येक भिंतीलगत चाला. दारांच्या खालची रबरी पट्टी, माल उतरवायचं शटर, लूव्हर (हवेसाठीची पट्ट्यांची जाळी) आणि केबलवाल्यांनी पाडून तशीच सोडलेली भोकं बघा. बाहेरच्या भिंतीजवळच्या सीलिंग टाइल उचला, आत थर्मामीटर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाचा. सीलंट पाच अंशांच्या खाली नीट धरत नाही, त्यामुळे हे काम आत्ताच. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदीरही आत येतो, म्हणजे एका कामात दोन बंदोबस्त.

बाहेरच्या नळांचं "बंद" म्हणजे: आधी होजपाईप काढायचा. नळ गोठणार नाही अशा जातीचा असला तरी होज लावून ठेवला की पाणी आत अडकतं आणि तोही फुटतो. मग आतला व्हॉल्व्ह बंद, बाहेरचा नळ उघडा, आणि तो उघडाच ठेवा. बाहेरचे बॉल व्हॉल्व्ह रिकामे केले की अर्धवट, 45 अंशांवर सोडा. पूर्ण उघडा किंवा बंद ठेवला की व्हॉल्व्हच्या आतल्या फिरत्या गोळ्यातलं पाणी कोंडतं आणि व्हॉल्व्हचं अंगच तडकतं.

रिकाम्या मजल्याचं हीटिंग "वापर नाही" म्हणून कोणी बंद करत असेल तर तेवढं थांबवा. बारा-तेरा अंश ठेवा, तिथल्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून लाईन रिकामी करा आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी प्रत्यक्ष चक्कर मारा.

आता ड्राय स्प्रिंकलर. नावावर जाऊ नका. त्या पाईपांत दाबाखाली हवा असते, हवेतली वाफ थंडावून खोलगट जागी पाणी साचतं. तिथे दोन व्हॉल्व्ह आणि मध्ये छोटी टाकी असते. वरचा बंद करा, खालचा उघडून पाणी काढा, खालचा बंद करा, वरचा हळू उघडा. थोडं थांबून पुन्हा, पाणी येईनासं होईपर्यंत. दोन्ही एकदम उघडलेत तर हवा निघून जाईल, मुख्य व्हॉल्व्ह सुटेल आणि सगळ्या पाईपात पाणी भरेल. पहिल्या वेळी स्प्रिंकलरच्या लायसन्सवाल्या माणसाला बोलवा आणि बाजूला उभं राहून बघा. अलार्म जिथे वाजतो त्यांनाही आधी कळवा.

---

खराटा

पान्हा दादांचं सगळं खरं, पण साफसफाईकडे कोणी फिरकलंच नाही. मी आठ जणांची हाऊसकीपिंग टीम बघते. वहीतला "मीठ" हा शब्द वाचून अंगावर काटा आला.

वाटेवरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ किती चालेल, ते गारठ्यावर अवलंबून असतं. साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारच मंद चालतं. मग लोक आणखी ओततात, ते वितळवत काहीच नाही आणि बुटांना लागून आत येतं. त्याहून गारठा असेल तर कॅल्शियम क्लोराइड लागतं. वाळूने पाय घसरत नाही, पण ती गटारात बसते. आणि मीठ टाकायच्या आधी बर्फ खरवडून काढायचा असतो, बर्फावर पेरायचं नसतं.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे तर पायपुसण्यांवर घाला. दारापासून सात-आठ पावलं तरी मॅटवरच पडली पाहिजेत: बाहेर खरखरीत, आत पाणी शोषणारी. आणि दोन संच लागतात. ओलीचिंब मॅट बूट पुसत नाही, उलट त्यांना ओलं करते. दुपारी एकदा बदला. कोपरा वर वळलेली मॅट तर लगेच काढा, पाय अडकून माणूस पडतो.

जमिनीवर मिठाचा पांढरा थर दिसला की टीममधली मुलं गरम पाणी-साबणाने पुसतात. वाळलं की थर परत हजर, कारण मीठ विरघळून तिथेच पसरलेलं असतं. आधी कोरडा व्हॅक्यूम, मग किंचित आम्लधर्मी न्यूट्रलायझर (मिठाचा थर काढणारं द्रावण), मग स्वच्छ पाणी. बादली लवकर लवकर बदला, नाहीतर मिठाच्या पाण्यानेच पोचा होतो. संगमरवर असेल तर मात्र आम्लाचं काहीही नको. फरशीवर पॉलिशचा थर द्यायचा असेल तर तो आत्ताच द्या, खडे टोचतात ते थराला टोचतात, फरशीला नाही. कार्पेट शॅम्पू मात्र आत्ता करू नका, ते पैसे पाण्यात. हिवाळा सरल्यावर बघू.

काचा बाहेरून धुवायच्या असतील तर गोठायच्या आत. शिडीवरच्या माणसाचे हात आठवून सांगतेय.

---

चावीवाला

खराटा ताई, पान्हा दादा, मनापासून आभार. दादा, पट्टी घेऊन फिरलो. केबलच्या भोकापाशी ती अक्षरशः आडवी झाली. आणि मागच्या जिन्याचं दार मला वाटलं होतं बंद आहे, पण लॅच बसलाच नव्हता. बाहेर अजून फारशी थंडीही नाही!

गच्चीबद्दल कोणी सांगेल का? आणि एएचयूचं?

---

गच्चीवरचा

गच्ची झाडणे म्हणजे एकदा झाडून विसरणे नव्हे. शेवटचं झाड निष्पर्ण होईपर्यंत दर आठवड्याला चढा. पाणी खाली जायच्या तोंडावरच्या जाळीतली पानं सगळेच काढतात, आतल्या तोंडात बसलेला लगदा कोणी काढत नाही. जाळी उचलून हात घाला, मग दोन बादल्या पाणी ओता. गुडगुड आवाज येऊन पाणी रेंगाळलं तर खाली बूच आहे.

का जपायचं ते हिशेबाने सांगतो. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 किलो. तुंबलेल्या शंभर चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर साचलं तर पाच टन. त्यावर बर्फ आला की मोजायला कोणी वर जात नाही. तोंडापाशी हीटिंग केबल असेल तर चालू करून क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवायचा मीटर) करंट बघा, दिवा लागला म्हणजे केबल गरम होते असं नाही.

एएचयूचा बाहेरची हवा घेणारा डँपर (पात्यांची झडप) स्क्रीनवर शंभर टक्के बंद दिसतो, म्हणून पाती बंद असतात असं नाही. मोटर फिरते, दांडा सैल असतो, पाती उघडीच. टॉर्च घेऊन डोळ्यांनी बघा. फ्रीझस्टॅट, म्हणजे गोठण्यापासून वाचवणारा स्विच, साधारण तीन-चार अंशांवर पंखा बंद करतो. त्याची लांब नळी कॉइलच्या (हवा गरम-गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याच्या) पूर्ण तोंडावर पसरलेली हवी, कोपऱ्यात गुंडाळलेली नको. थंड पाण्याच्या कॉइलचा ड्रेन उघडून पाणी काढलं तरी नळ्यांच्या वळणांत थोडं राहतंच, म्हणून हवेने फुंकून मग ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) फिरवा. प्रॉपिलीन घ्या, ते इथिलीनएवढं विषारी नसतं. प्रमाण रंगावरून ओळखू नका, रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून प्रमाण दाखवणारं उपकरण) मोजा.

बॉयलर कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेचं पाणी करणारा) असेल तर त्याची पाण्याची बारीक नळी भिंतीबाहेर किती लांब गेलीय तेही बघा. ती गोठली की बॉयलर बंद पडतो, आणि तो बरोबर सगळ्यात गार रात्रीच बंद पडतो.

---

चावीवाला

आज स्प्रिंकलरवाला येऊन गेला. चार जागी पाणी काढलं. तीन कोरड्या, चौथीतून अर्धी बादली गंजकट पाणी. ती नेमकी रॅम्पच्या तोंडाशी, जिथे वारा थेट येतो. डँपरचा दांडाही सैलच निघाला.

जिन्याचा क्लोजर मी स्वतः सेट करू का? दोन स्क्रू दिसतायत.

---

पान्हा_बावीस

करा. एक स्क्रू दार येण्याच्या वेगाचा, दुसरा शेवटच्या टप्प्याचा. तुम्हाला दुसरा हवाय. उलटा फिरवला की दार जोरात लागतं. एका वेळी पाव फेऱ्याच्या आत, मग दार सोडून बघा. जास्त उलटा फिरवलात तर स्क्रू बाहेर येऊन तेल उडेल. आधीच तेलाचा डाग असेल तर सेटिंगच्या नादी लागू नका, क्लोजर बदला. आणि पहिल्या गोठणाऱ्या रात्रीनंतर सकाळी पुन्हा एकदा सेट करावा लागेल, तेव्हा पान्हा लांब ठेवू नका.