हवेली नावापुरता नाही

पुणे जिल्ह्यातला हवेली तालुका आता नावापुरता उरला, सगळा पुणे शहरातच गेला, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत गेली, त्यात वाघोलीही आली. पण महापालिकेची हद्द वेगळी आणि महसुली तालुका वेगळा. वाघोलीच्या सातबाऱ्यावर तालुका आजही हवेलीच.

आणि पसारा बघा! सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यात भातखाचरं, तिकडे मुळा-मुठेकाठी थेऊरला ऊस. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडसकट लोकसंख्या २४ लाखांवर. वेल्हे (आताचा राजगड) जेमतेम ५४ हजार. दोन्ही तालुकेच! एवढ्या माणसांच्या फेरफार नोंदी (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) वेळेत व्हायच्या, तर हवेलीचं रीतसर विभाजन हवंच.