पृथ्वीचा इतिहास शिकवताना: आधी कालरेषा की आधी पुरावा?

खडकवाचक

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना पृथ्वीचा इतिहास शिकवायचा म्हटलं की पहिल्याच तासाला ४५४ कोटी वर्षांची कालरेषा भिंतीवर चढते. मग डायनासोर, मग माणूस, मग "बघा, आपण किती उशिरा आलो". माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आकडा आधी दिला की तो पाठ होतो, पण आला कुठून हे विचारायचं कुणाला सुचत नाही. ज्याला सुचतं त्याला "शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय" एवढ्यावर गप्प बसवलं जातं.

मी सुचवतो तो क्रम: दोन तास थर, दोन तास किरणोत्सारी घड्याळ, कालरेषा पाचव्या तासाला.

थरांसाठी (खालचा जुना, वरचा नवा हे दिसायला) पारदर्शक बरणी, पाणी, जाड रेती, बारीक वाळू, माती. तिन्ही एकदम ओतून बरणी हलवायची नाही. तसं केलं की दाणे आकाराप्रमाणे खाली बसतात, थर झकास दिसतात, पण ते सगळे एकाच घटनेचे असतात. एक थर बसू द्यावा, पाणी निवळलं की पुढचा. माती शेवटी, कारण तिचा गढूळपणा तासन्‌तास जात नाही.

घड्याळासाठी झाकणाचा डबा आणि १०० नाणी. डबा हलवा, उघडा, छापा पडलेली बाजूला काढा, उरलेली पुन्हा हलवा. साधारण ५०, २५, १२, ६ अशी उरत जातात. बाजूला काढलेली नाणी पिशवीत टाकू नका, दुसऱ्या ताटात मांडा: ते शिसं, डब्यात उरलेलं युरेनियम, कारण किरणोत्सारी युरेनियम ठरावीक वेगाने शिशात बदलत जातं. दोन्हींचं गुणोत्तर सांगून "डबा किती वेळा हलवला?" असं दुसऱ्या गटाला ओळखायला लावलं की वयमापनाचं तत्त्व हातात येतं.

मोजपट्टी

असहमत. पुराव्याला विरोध नाही, क्रमाला आहे. "अर्धायुष्य (निम्मं युरेनियम बदलायला लागणारा काळ) ४४७ कोटी वर्षं" हे वाक्य त्या मुलाच्या डोक्यात जाऊन बसणार कुठे? कोटी म्हणजे केवढं हेच त्याला ठाऊक नसतं. एक मीटरची रेघ काढा, डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला १०० कोटी लिहा आणि दहा लाखांची खूण करायला सांगा. खूण कुठेतरी आत, मध्याकडे सरकलेली दिसते. खरी जागा डाव्या टोकापासून एक मिलिमीटर! ही चूक न सुधारता युरेनियमकडे जाणं म्हणजे पुढे नुसता शब्दांचा खेळ.

म्हणून पट्टी पहिल्या तासालाच. कागदी पट्टी ४ मीटर ५४ सेंमी, एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दोन-तीन भिंतींवर वळवून वर्गात मावते. डायनासोर संपले ती खूण आजच्या टोकापासून ६.६ सेंमीवर. आपल्या जातीची ३ लाख वर्षं म्हणजे ०.३ मिमी, टोकदार पेन्सिलची एक रेघ. शेती त्या रेघेच्या जाडीत कुठेतरी.

वर्षाच्या कॅलेंडरचा प्रकार मात्र मलाही नको. एक दिवस म्हणजे सुमारे १.२४ कोटी वर्षं हे गणित कुणाच्या लक्षात राहत नाही. "डायनासोर २६ डिसेंबरला मेले" तेवढं राहतं.

तिरपा_थर

खडकवाचक, बरणीत एक गोची आहे. तुम्ही जाड रेती आधी आणि माती शेवटी घालताय. एकदम ओतल्यावर आपोआप बसणारा क्रमही अगदी तोच! मग चौकस मूल म्हणेल, "एकदमच पडलं असेल." बारीक वाळू खाली, तिच्यावर चमच्याने अलगद जाड रेती, आणि वर माती घ्या. जाड दाणे बारीक दाण्यांच्या वर, हे एका झटक्यात होत नाही. पाण्यात ओतताना धार लावली तर खालच्या वाळूत खड्डा पडतो, म्हणून चमचा पाण्याखाली नेऊन रिकामा करावा.

नाण्यांबाबत: गटाला २० नाणी दिली तर आलेख वेडावाकडा येतो आणि मुलं "नियम चुकला" म्हणतात. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकत्र बेरजेत घ्या, वक्र सुधारतो. दुसरा गोंधळ म्हणजे "एकदा हलवल्यावर निम्मी गेली, दुसऱ्यांदा सगळी जाणार". हे आधी अंदाज लिहून घेतल्याशिवाय उघडं पडत नाही.

खडकवाचक

बारीक खाली, जाड वर हे मान्य, तसंच करायला हवं.

मोजपट्टी, पण तुमच्या पट्टीवरच्या खुणा मुलांनी कशाच्या जोरावर मानायच्या? या वयात हमखास येणारा प्रश्न: "सुरुवातीला शिसं किती होतं हे तुम्हाला काय माहीत?" प्रश्न चोख आहे आणि त्याला उत्तरही चोख आहे. झिरकॉन या खनिजाचा स्फटिक घडताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळपास नाही. म्हणजे खेळ सुरू होताना दुसरं ताट रिकामं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन असेच सुमारे ४४० कोटी वर्षांपर्यंत मागे जातात. पृथ्वीचं वय मात्र भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली अशनींतल्या (पृथ्वीसोबतच घडलेल्या, अवकाशातून पडलेल्या दगडांतल्या) शिशावरून काढलं, कारण पृथ्वीवरचे अगदी पहिले खडक शिल्लकच नाहीत. हे कळलेल्या मुलासाठी ४५४ हा नुसता आकडा राहत नाही.

आणि कृपा करून डायनासोरच्या हाडाला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) लावू नका. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. बहुतेक वेळा वय हाडाचं मोजतच नाहीत, वरच्या आणि खालच्या ज्वालामुखी राखेच्या थरांचं मोजतात आणि हाड त्या दोहोंच्या मधलं.

वाफाळ

भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन वगळू नका. १८६२ मध्ये त्यांनी पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून वय २ ते ४० कोटी वर्षं काढलं. गणित अचूक, गृहीतक चुकीचं. वर्गात सांगतात की किरणोत्साराची उष्णता माहीत नव्हती म्हणून चुकले. ते अर्धवट आहे. मुख्य घोटाळा असा की त्यांनी पृथ्वीचं अंतरंग घट्ट, न हलणारं मानलं. आतला भाग संथपणे फिरत राहिला तर खालची उष्णता वर येत राहते, हे अभियंते जॉन पेरी यांनी १८९५ मध्येच दाखवलं होतं. पुरावा कसा तपासतात हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही, आणि ते पट्टीच्या आधी की नंतर याने काही बिघडत नाही.

मोजपट्टी

"खुणा कशाच्या जोरावर मानायच्या?" हा प्रश्नच तर पट्टीने उभा करायचा आहे. पहिल्या तासाला पट्टी कोरी लावायची. फक्त दोन टोकं आणि दहा-बारा कार्डं, मुलांनी अंदाजाने चिकटवायची. चुकलेली कार्डं तशीच ठेवायची. पुढचे चार तास खडकवाचकांचे, आणि शेवटी कार्डं हलवायची.

बिघडतं कुठे? सगळी कार्डं शेवटच्या ५४ सेंमीत कोंबली जातात, कारण प्राण्यांचे ठळक जीवाश्म जिथून सुरू होतात त्या ५३.९ कोटी वर्षांच्या आधी "काहीच नव्हतं" अशी समजूत. चार मीटर कागद पांढरा. त्या पांढऱ्यासाठी मुद्दाम कार्डं ठेवा: ३५० कोटींच्या सुमाराचे स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांनी रचलेले थरांचे दगड), २४० कोटींच्या आसपास हवेत ऑक्सिजन टिकू लागला ते, ७२ ते ६३ कोटींमधली, बर्फ विषुववृत्तापर्यंत पोचवणारी हिमयुगं. आणि डायनासोरचं एकच कार्ड नको. स्टेगोसॉरस १५ सेंमीवर, टायरॅनोसॉरस ६.८ सेंमीवर. दोघांमधलं अंतर टायरॅनोसॉरस आणि आपण यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त आहे, हे पट्टीवर बोट ठेवून दाखवल्याशिवाय खरं वाटत नाही.

शेवटची_रेघ

तुम्ही दोघं घड्याळावर भांडताय, पण माणसाची जागा हा अर्धा विषय बाजूलाच पडलाय. पट्टीच्या टोकाला एकट्या माणसाचं चित्र लावलं की मुलं दोनपैकी एक अर्थ काढतात: सगळं आपल्यासाठीच घडलं, नाहीतर आपण कुणीच नाही. दोन्ही चूक. त्या टोकावर आजचा जीवाणू, नेचा, शार्क, झुरळ सगळे उभे आहेत. त्यांची कार्डंही तिथेच लावा.

एका रांगेत वाकडा माकडसदृश प्राणी सरळ होत माणूस बनतो ते चित्र तर काढूनच टाका. एक लाख वर्षांपूर्वी आपल्यासोबत माणसाचीच वेगळी कुळं, निअँडरथल होते, डेनिसोवन होते. ती रांग नव्हे, फांद्या. चिंपांझी आपला पूर्वज नाही. साठ-सत्तर लाख वर्षांमागे दोघांचा पूर्वज एक.

तिरपा_थर

मग ०.३ मिमीच्या रेघेने काय केलं तेही दाखवा की. नाहीतर "आपण क्षुल्लक" हाच निष्कर्ष उरतो.

शेवटची_रेघ

दाखवावंच, पण भाषणाने नव्हे, वेगाने. शेवटचं हिमयुग ओसरताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत १९० वरून सुमारे २६५ पर्यंत चढायला सहा-सात हजार वर्षं लागली. उद्योगयुगाआधीच्या २८० वरून ४२० च्या पुढे जायला दोनशेच्या आसपास. दोन्ही चढ एकाच आलेखकागदावर, एकाच मापाने काढायला लावा. दुसरा जवळजवळ उभा येतो. दुसरा आकडा: आजच्या सस्तन प्राण्यांच्या एकूण वजनात पाळीव जनावरं सुमारे ६० टक्के, माणसं ३६, वन्य प्राणी ४.

खडकवाचक

इथे जपून. "आपण मानवयुगात (अँथ्रोपोसीन, माणसाच्या परिणामांचं युग) आहोत" असं थेट पाठात घालू नका. ते अधिकृत भूशास्त्रीय युग करण्याचा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये फेटाळला गेला. परिणाम नाकारले म्हणून नव्हे. सुरुवात विसाव्या शतकाच्या मध्यात धरावी का आणि त्याला युग म्हणावं का, यावर एकमत नव्हतं.

शेवटची_रेघ

तेच तर वर्गात न्यायचं. "आजच्या कुठल्या वस्तूचा थर एक कोटी वर्षांनी ओळखू येईल?" प्लास्टिक, काँक्रीट, कोंबडीची हाडं, अणुचाचण्यांतला प्लुटोनियम. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं. ज्यांनी नाणी हलवली आहेत ती मुलं एक कोटीला २४,१०० ने भागून ते नाव स्वतःच खोडतील.

मोजपट्टी

हा प्रश्न घेतलात तर माझी पट्टी पहिल्या तासाला आणि नाणी तिसऱ्याला, एवढं तरी ठेवा. कोटी कळल्याशिवाय ते भागायला बसणार नाहीत.