व्यवसाय कराचे दोनशे रुपये जातात कुठे?

‘मुंबईकर कर भरतो आणि त्याचे पुढे काय होते ते कधीच कळत नाही’, हे विधान बहुतांशी मान्य आहे, पण आपल्याच पगारपत्रकातील एक ओळ त्याला काहीसा अपवाद ठरते. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापला जाणारा व्यवसाय कर १९७५च्या कायद्याने आला, तो मुळात रोजगार हमी योजनेसाठी. १९७२-७३च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. त्या अनुभवातून, आणि विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून, मागेल त्याला काम हा हक्क १९७७च्या कायद्यात उतरला; २००५च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचा तो पूर्वसूरी. शहरातील नोकरदारांच्या करातून जितकी रक्कम जमा होईल तितकीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालावी, ही त्यातील तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण केवळ घोषणेवर उभी असलेली योजना पुढच्या अर्थसंकल्पात सहज आटते, तर ठरलेल्या करस्रोताशी बांधलेल्या योजनेला हात लावणे सरकारला जड जाते.

अर्थात, निधी राखून ठेवला म्हणजे तो वेळेवर खर्च होतोच असे नाही. शिवाय या कराची वार्षिक २५०० रुपयांची मर्यादा १९८८च्या घटनादुरुस्तीने ठरली आणि महागाई कितीही वाढली तरी ती तिथेच आहे. लाखभर पगाराचा अधिकारी आणि त्याच्या कचेरीतला कारकून आजही बहुधा तेवढेच अडीच हजार भरतात.