मदत हवी आहे: झाडीत फिरणाऱ्या कोंबड्यांना शिक्रा आणि मोरघारीपासून कसं वाचवायचं?

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यात आमचं घर आहे, मागे मोठं परडं. जुने फणस, आंबे, काजू, खाली करवंदीच्या जाळ्या आणि भोवती जांभ्याचा गडगा. सासूबाईंच्या गावठी कोंबड्या दिवसभर या झाडीत पातेरा (वाळका पाला) उकरत असतात आणि दिवस कलला की आपणहून खुराड्यात जातात. खुराडं पक्कं आहे, रात्रीचा काही त्रास नाही. मुंगसाची वाट बंद करायला गडग्याची भोकं बुजवली आहेत. आता जे नुकसान होतंय ते वरून, आणि भर दिवसा.

झाडाखाली कोंबडी सुरक्षित, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. घारीपुरतं ते खरं आहे. घार उघड्यावर घिरट्या घालते, तिला झेप घ्यायला मोकळी जागा लागते, म्हणून पिल्लं अंगणात आली तरच तिचं फावतं. शिक्रा मात्र झाडीतलाच. पारव्याएवढा पक्षी, पण फांद्याफांद्यांतून जमिनीलगत असा येतो की पत्ता लागत नाही. फणसाच्या खोडाला चिकटून गप्प बसलेला असतो. पिल्लू उचलून गडग्यापलीकडे गेला की मग कोंबडी बोंबलते. म्हणजे घारीपासून वाचवणारी झाडंच शिक्र्याला आडोसा देतात.

त्यात आता तलंगाही (अंड्यावर यायच्या तरुण कोंबड्या) जायला लागल्या आहेत. किलोभराची तलंग शिक्रा मारणं कठीण आणि उचलणं तर अशक्यच. फणसाखाली एकाच जागी पिसांचा ढीग मिळाला. पिसं मुळापासून उपटलेली होती, चावून तुटलेली नव्हती. छातीचं मांस खाल्लेलं होतं, बाकी धड तिथेच. मुंगूस असता तर मानेला चावा दिसला असता, आणि असं पिसं काढत तो बसत नाही. पुढे एका सकाळी मोठा तपकिरी पक्षी आंब्यावर बसलेला सासूबाईंनी पाहिला, डोक्यावर लांब शेंडी. माझा अंदाज मोरघारीचा आहे. सर्पगरुडालाही तुरा असतो, पण तो आखूड आणि पसरट, आणि त्याचा भर सापांवर.

आमचा कोंबडा सावध आहे. मान तिरकी करून एक डोळा वर लावतो आणि घशातून बारीक, लांबट सूर काढतो. कुत्रा किंवा मुंगूस दिसला तर त्याचा कलकलाट पूर्ण वेगळा असतो. वरचा इशारा झाला की कोंबड्या जागच्या जागी दबतात, जवळ असतील त्या करवंदीत घुसतात. पण पानांचं छत एवढं दाट आहे की बऱ्याचदा त्यालाच काही दिसत नाही.

जुन्या सीडी, चमकपट्ट्या, बुजगावणं हे सगळं करून झालं. शिक्रा थोडे दिवस लांब राहतो, मग सरावतो. सगळ्या परड्यावर जाळं टाकणं शक्य नाही, मधून झाडं वर गेली आहेत. शिवाय शेजारच्या वाडीत बारीक तंगूसचं (नायलॉनच्या दोऱ्याचं) जाळं लावलं होतं, त्यात पिंगळा (लहान घुबड) अडकून मेला. तसलं मला नको. गलोल घे, फासा लाव, असंही सुचवणारे आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. त्या पक्ष्यांचंही हेच रान आहे.

सासूबाईंना कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवणं अजिबात मान्य नाही, आणि मलाही पटत नाही. झाडीत फिरणाऱ्या कोंबड्या कोणी अशा राखल्या असतील तर नेमकं काय केलंत? जाळं लावायचंच तर झाडांमधून कसं? आणि आपल्या पावसात ते टिकतं का?

देवराई:
ताई, पिसांच्या वर्णनावरून तुमचा अंदाज बरोबर वाटतो. मोरघार ससे, तित्तिर मारते, तिला तलंग जड नाही. तीही घिरट्या घालत नाही, दाट झाडावर दबा धरून बसते आणि तिथून खाली झेपावते. त्यामुळे ती आणि शिक्रा दोघांवर उपाय एकच: बसायच्या फांदीपासून कोंबडीपर्यंतचा रस्ता मोडायचा. खाण्याच्या जागेवर नजर टाकणाऱ्या, खालच्या उघड्या, आडव्या फांद्या तेवढ्या छाटा. झाड तोडू नका, वरचं छत घारीसाठी हवंच आहे.

कोतवाल पक्ष्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. त्याचं घरटं परड्यात असेल तर ते झाड त्या काळात छाटू नका. घरट्याजवळ आलेल्या घारीला, कावळ्याला, शिक्र्याला तो पिटाळून लावतो. पण हे उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच. वर्षभराची राखण त्याच्यावर सोडता येत नाही.

पाणंद:
आमच्याकडे वेंगुर्ल्याजवळ अशीच झाडी आहे. सगळं परडं झाकायचा नाद सोडा. कोंबड्या दिवसाचा बराच वेळ ठरावीक जागीच असतात: दाणे टाकता तिथे, पाण्याजवळ आणि धुळीत लोळतात तिथे. या तिन्ही जागा एकाला एक लागून आणा आणि तेवढ्यावरच मांडव घाला. खांब चिव्याचे (बांबूचे), उंची माणूस उभं राहील एवढी, आणि जाळं फांद्यांच्या खालून न्या. झाडाचं खोड मध्ये आलं तर जाळं तिथपर्यंत चिरा आणि खोडाभोवती काथ्याने सैलसर बांधा, झाडाला वाढायला जागा राहते.

जाळं तंगूसचं नको. बंदरावर मच्छीमारांकडे जाड दोऱ्याचं जुनं जाळं मिळतं, ते घ्या. पक्ष्यांना ते दिसतं, आणि ताठ ओढून बांधलं की कोणी गुरफटत नाही. गुरफटतात ते ढिल्या जाळ्यात. खालची कड जमिनीवर लोळू देऊ नका, त्यात धामण अडकते. मांडवाला मध्ये आढं देऊन दोन्हीकडे उतार काढा, नाहीतर फणसाचा पातेरा साचून सगळं खाली बसेल.

चिरेबंदी:
जाळ्याबाहेरही कोंबड्या फिरणारच, त्यांचा विचार करा. उघड्या जमिनीवर पाच-सहा पावलांवर काहीतरी आडोसा असला पाहिजे. करवंदी आहेच, पण जिथे नाही तिथे चार खुंटांवर गुडघ्याएवढ्या उंचीची माची करून वर नारळाचे झाप टाका. पैसे लागत नाहीत. कोंबड्या आठवड्याभरात त्या जागा ओळखतात. आणि मोठा कोंबडा विकू नका हो. इशारा देणारा तोच.

पिल्लांबाबत आमची आजी दिवाळीच्या सुमाराला रवण ठेवायची, म्हणजे कोंबडी अंड्यांवर उबवायला बसवायची. शिक्र्याची वीण उन्हाळ्यात, तेव्हा घरट्यातल्या पिल्लांसाठी तो सतत शिकार शोधत असतो. दिवाळीच्या रवणीतली पिल्लं तोपर्यंत त्याला न झेपण्याएवढी होतात. सुरुवातीचे दोन महिने पिल्लं आईसकट डालग्यात किंवा मांडवाखालीच ठेवा, कावळ्यापासूनही वाचतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. मांडवाची कल्पना सासूबाईंना लगेच पटली, कोंबड्या कोंडल्यासारखं होत नाही म्हणून. फणसाच्या दोन खालच्या फांद्या बरोबर दाणे टाकायच्या जागेवरच येतात. त्या काढून घेते आणि दाण्यांची जागाही करवंदीजवळ हलवते. पावसाळ्याचं तेवढं सांगा, पाणंददादा. जाळं जूनमध्ये उतरवायचं की ठेवायचं?

पाणंद:
उतरवा. मिरगाच्या आधी काढून, झटकून, सुकवून माळ्यावर टाका. ओला पातेरा आणि वारा यांच्यापुढे खांब टिकत नाहीत, आणि एखादी फांदी जाळ्यावर पडली तर सगळा मांडव कोंबड्यांवर येतो. पावसात त्याच खांबांवर अर्ध्या भागाला झाप घाला, कोंबड्या तशाही कोरड्या जागेलाच थांबतात. गणपतीनंतर पाऊस ओसरला की जाळं पुन्हा चढवा. दिवाळीची पिल्लं यायच्या आत मांडव तयार असतो.