वडा नाही, पाव तपासा
वडापाव डोळे झाकून व्हीगन, म्हणजे दूध-तूप-लोणी काहीच नसलेला, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटलं. वडा आहेच: बटाटा, बेसन, तेल. सुकी चटणीही लसूण, सुकं खोबरं, तिखट एवढीच. पण लादीपावावर चकाकीसाठी काही बेकऱ्या दुधाचा हात फिरवतात, आणि भाजताना गाडीवाला न विचारता अमूल लावतो तो वेगळाच.

नौपाड्यातल्या एका गाडीवर मी ‘बटर नको’ म्हणालो, तर तवा बटरनेच माखलेला! तेव्हापासून पाव न भाजताच घेतो. ठाण्यात खरं सोपं म्हणजे मिसळ. मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीचं नाव कोणाला नवीन नाही. मटकी-वाटाण्याच्या रश्शाला दुधातुपाची गरजच नसते. फक्त ‘वरून दही नको’ एवढं आधीच सांगायचं. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं की ताक मागायचा मोह होतो, ते आपलं आपण बघायचं.